बिऱ्हाड हललं, रेशनकार्ड राहिलं

दादरला मामाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सगळी उधारी एका जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये, ते कुणीतरी व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी६, प्रोग्राम लिहायची जुनी भाषा) मध्ये लिहून दिलेलं, तो माणूस आता फोन उचलत नाही आणि सेटअपची सीडी कुठे गेली देव जाणे. पावसाळ्यात पीसीला वीज देणारा डबा, एसएमपीएस, उडाला, तो बदलून पीसी चालू झाला पण मामाने धसका घेतला. विंडोज ११ वालं नवीन मशीन आणलं आणि मला म्हणाला, "अरे फोल्डर उचल आणि तिकडे टाक, त्यात काय एवढं?"

मलाही तसंच वाटलेलं. पण सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं तेव्हा फोल्डर कॉपी होणं हे अर्धंच काम असतं. बाकी ते विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळ्या सेटिंग्जची वहीच ती) आपल्या नोंदी करतं, लागणाऱ्या काही फायली विंडोजच्याच फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, फॉन्ट टाकतं. चाळीतलं बिऱ्हाड टेम्पोत चढतं पण रेशनकार्डावरचा पत्ता आणि दूधवाल्याचा रतीब तिकडेच राहतो ना, तसं.

पहिला एरर आला ओसीएक्स फाइलचा, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या एका तयार सुट्या भागाचा. व्हीबी६ चालवणारी मूळ फाइल विंडोज ११ मध्ये अजूनही येते (व्हीबी६ आहे १९९८ सालचं!), पण बिलाचे रकाने दाखवणारा ग्रिड वेगळ्या ओसीएक्समध्ये असतो आणि तो येत नाही. जुन्या मशीनवरून ती फाइल घेतली, सिसवाव६४ फोल्डरमध्ये टाकली, रेगएसव्हीआर३२ कमांडने रजिस्टर केली, म्हणजे विंडोजला तिची ओळख करून दिली. आता गंमत बघा, ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फायली असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२-बिट. उलटं आहे, हो. व्हीबी६ ची सेटिंग्ज बहुतेक वेळा रजिस्ट्रीत एका ठरलेल्या जागी असतात, ती एक्स्पोर्ट करून इकडे इम्पोर्ट केली.

सॉफ्टवेअर उघडलं. मामा खूश. मग खातं उघडलं तर शेवटची एंट्री २०१२ ची! पुढची सगळी उधारी गायब, मामाचा चेहरा बघवत नव्हता.

डेटा उडालेला नव्हता. विंडोज एक्सपीच्या काळात प्रोग्राम बिनधास्त प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्येच आपला डेटा लिहायचे. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून विंडोजने तिथे लिहायला बंदी केली, पण मग जुने प्रोग्राम बंदच पडले असते, म्हणून एक पळवाट ठेवली: प्रोग्राम फाइल बदलायला गेला की विंडोज गुपचूप तिची एक कॉपी यूजरच्या अ‍ॅपडेटामध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करतं आणि पुढचं सगळं लिखाण तिथे होतं. प्रोग्रामला पत्ताही नसतो. मामाचा तो विंडोज ७ चा पीसी २०१२ ला घेतलेला, म्हणजे मूळ फाइल इन्स्टॉलच्या दिवशी होती तशीच गोठलेली आणि खरी वही दुसरीकडेच. त्यात प्रत्येक यूजरची कॉपी वेगळी, म्हणजे दुकानातला पोरगा दुसऱ्या लॉगिनने बिलं करत असेल तर त्याची वही अजून तिसरीकडे. खरी फाइल शोधून आणली आणि नव्या मशीनवर प्रोग्राम मुद्दाम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर ठेवला.

मग गिऱ्हाइकांची मराठी नावं इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसायला लागली. जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची आजची पद्धत) आधीचे, आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट फक्त वर देवनागरी चित्र चढवतो. फॉन्ट कॉपी केला, नावं परत आली.

सगळ्यात पाजी भानगड तारखेची. नव्या मशीनचं रीजन (देशाची सेटिंग) अमेरिकन होतं, म्हणजे आधी महिना मग दिवस, त्यामुळे ५ एप्रिलला ०५/०४ टाकलं की ४ मे जाणार. पण १३ एप्रिल टाकला तर तेरावा महिना नसल्यामुळे व्हीबी निमूटपणे उलटं वाचतं आणि तारीख बरोबर जाते! म्हणजे चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच, त्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. जुन्या तारखा आत आकडे म्हणून साठवलेल्या, त्या शाबूत होत्या. रीजन इंडिया केलं, संपलं.

आता मला कुणी विचारलं तर मी सांगतो, जुना पीसी चालू आहे तोवर आधी डिस्क२व्हीएचडीने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढ, हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे. ती इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) चालवता येते, म्हणजे बिऱ्हाड न हलवता अख्खी खोलीच उचलून आणल्यासारखं. कधीकधी डिस्कच्या ड्रायव्हरवरून बूट व्हायला रडते, विंडोजचं लायसन्सही पुन्हा विचारतं, आणि सॉफ्टवेअरला जुन्या प्रिंटर पोर्टवर लावायचा डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) असेल तर नव्या पीसीला तो पोर्टच नसतो. आणि इतक्या जुन्या विंडोजला इंटरनेट द्यायचं नाही, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत.

मामाची इमेज मी दोन हार्ड डिस्कवर ठेवलीय, एक दुकानात, एक माझ्या घरी. जुना पीसी माळ्यावर आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.