गासेंदीचे ताम्रोत्कीर्ण व्यक्तिचित्र

फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू व निसर्गतत्त्वज्ञ प्येर गासेंदी (१५९२–१६५५) याचे क्लोद मेलाँ (१५९८–१६८८) या उत्कीर्णकाने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र. त्याचा काळ साधारणतः १६३६–३७ असा मानतात. रोममधील सुमारे बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर फ्रान्सला परतताना मेलाँ १६३६ मध्ये एक्स-आं-प्रोव्हांस येथे विद्याव्यासंगी न्यायाधिकारी पेरेस्क याच्याकडे उतरला होता. गासेंदी हा पेरेस्कचा निकटचा स्नेही व सहकारी. त्यामुळे चित्राची सांगड या मुक्कामाशी घालणे सयुक्तिक वाटते.

मेलाँचे तेथील मुख्य काम मात्र वेगळेच होते. २८ ऑगस्ट १६३५ च्या चंद्रग्रहणाच्या वेळी भूमध्य समुद्राच्या परिसरातील निरनिराळ्या ठिकाणांहून वेध घेण्यात आले होते. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी दिसते; तेव्हा स्थानिक वेळांत चार मिनिटांचा फरक म्हणजे रेखांशात एक अंश, या हिशेबाने तो समुद्र तत्कालीन नकाशांत दाखवला होता त्यापेक्षा बराच आखूड भरला. पृथ्वीच्या छायेची कड चंद्रावरील कोणत्या डागाला केव्हा टेकली, हे सर्व निरीक्षकांना एकाच खुणेवरून नोंदवता यावे म्हणून चंद्राचा विश्वसनीय नकाशा हवा होता. मेलाँने दुर्बिणीतून पाहून शुक्ल अष्टमी, पौर्णिमा आणि कृष्ण अष्टमीच्या सुमाराचे चंद्रबिंब असे तीन पट कोरले. जून १६३७ मध्ये पेरेस्क वारला आणि नकाशाची योजना अपुरी राहिली.

छायेसाठी रेषांवर रेषा आडव्यातिडव्या काढून जाळी करण्याची तत्कालीन उत्कीर्णकांची रूढ पद्धत मेलाँने सहसा टाळली. त्याच्या रेषा समांतर धावतात. कोरणी खोल गेली की चर रुंदावतो, त्यात शाई अधिक राहते आणि ठसा गडद उठतो. कोरणी वर उचलली की रेषा केसासारखी बारीक होते. गाल, कपाळ यांचा उठाव एवढ्यावरच साधला जातो. मेलाँ सारे चित्र एकाच रेषेत काढत असे, ही समजूत मात्र चुकीची आहे. ती करामत त्याच्या १६४९ मधील ख्रिस्तमुखाची. तेथे नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच सर्पिल रेषा पूर्ण चेहरा घडवते.

गासेंदीचे दुसरे परिचित उत्कीर्ण चित्र रोबेर नांतय या उत्कीर्णकाने केलेले असून ते गासेंदीच्या मृत्यूनंतरचे आहे. त्याचे समग्र ग्रंथ १६५८ मध्ये ल्योंहून सहा खंडांत निघाले, त्याच सुमाराचे ते समजतात. त्यात बारीक तुटक रेषांनी त्वचेचा पोत आणला आहे. अभ्यासकाला ते अधिक बोलके वाटेल; कोरणीवरचा ताबा पाहायचा तर मेलाँचेच पाहावे.

गासेंदी दीन्य येथील कॅथीड्रलचा प्रमुख धर्माधिकारी व १६४५ पासून पॅरिसच्या राजविद्यालयात गणिताचा प्राध्यापक होता. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या भाकितानुसार ७ नोव्हेंबर १६३१ रोजी घडलेले बुधाचे अधिक्रमण (सूर्यबिंबासमोरून जाणे) त्याने पॅरिसमध्ये पाहिले. चंद्रावरील सुमारे ११० किमी. व्यासाच्या एका विवराला त्याचे नाव आहे.