गाळ सुकवायचा, पण आधी पिळायचा

इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांत रंगाईचं सांडपाणी चुना, फेरस सल्फेट अशी रसायनं घालून निवळतात. पाणी स्वच्छ झालं असं आपण म्हणतो. पण घाण नाहीशी होत नाही, ती गाळात उतरते.

हा ताजा गाळ अगदी पातळ असतो. 100 टन गाळात 98 टक्के पाणी धरलं, तर घन भाग फक्त 2 टन. फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी 75 टक्क्यांवर आणलं की 8 टनांचा केक, म्हणजे दाबलेला गाळ, उरतो. म्हणजे 92 टन पाणी नुसत्या दाबाने गेलं! केक दिसायला घट्ट, फावड्याने उचलता येणारा. तरी त्यात 6 टन पाणी असतंच. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे पैसे टनावर मोजतात, त्यामुळे हे पाणी वाहून नेऊन पुरण्याचा खर्चही कारखान्यावरच पडतो.

उरलेलं पाणी कणांना धरून बसलेलं असतं. ते काढायला उष्णताच हवी, आणि ती महाग. 1 टन पाण्याची 25 अंश सेल्सिअसपासून वाफ करायला साधारण 700 युनिट विजेइतकी उष्णता लागते, गळती वेगळीच. म्हणून प्रेसमध्ये कसूर करून ड्रायरवर भार टाकणं मला सरळसरळ इंधनाची नासाडी वाटते. वाया जाणारी उष्णता किंवा ऊन वापरता आलं, तर फारच उत्तम.

पॅडल ड्रायरमध्ये पोकळ शाफ्टांवर पाचरीसारखी पाती असतात. त्यांच्या आतून वाफ किंवा गरम तेल फिरतं आणि तापलेल्या धातूला लागून गाळ सुकतो. पाणी 50 टक्क्यांच्या आसपास आलं की तो कमालीचा चिकट होतो, पात्यांना धरतो, मोटरवर ताण येतो. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी सुकलेला भुगा परत ओल्या केकमध्ये मिसळतात. अति सुकवणंही बरं नाही. सेंद्रिय गाळाची बारीक धूळ पेट घेऊ शकते.

पाणी 20 टक्क्यांवर आलं की 8 टनांचे अडीच टन होतात. हा माल सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतो. तिथे 1450 अंशांच्या आसपास सेंद्रिय भाग जळतो, तर चुना आणि लोह क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट करतात त्या भाजलेल्या खड्यांत, मिसळून जातं. मात्र सुकवल्याने जड धातू जात नाहीत, उलट ते एकवटतात. पारा तर भट्टीत वाफ होऊन धुराड्याकडे निघतो. चामड्याच्या कारखान्यांच्या गाळातलं क्रोमियम हवेत जास्त तापलं, तर अधिक विषारी रूप घेऊ शकतं. त्यामुळे गाळ कुठून आला आणि त्यात काय आहे, हे तपासल्याशिवाय तो भट्टीकडे किंवा वीटभट्टीकडे पाठवू नये.