नाक कोरडं म्हणजे ताप? अजिबात नाही
क्लिनिकमधे दिवसाआड कोणीतरी कुत्र्याला घेऊन येतंच, डॉक्टर याचं नाक सुकलंय, ताप असणार. आणि कुत्रा मस्त शेपटी हलवत टेबलवरचा कापूस खायला बघतोय! हा समज कुठून आला देव जाणे, पण खूप जुना आहे.

नाक ओलं राहतं कारण कुत्रा ते सारखं चाटतो, शिवाय आतून थोडा पातळ स्राव येत असतो. झोपेत चाटणं बंद, त्यामुळे उठल्या उठल्या नाक कोरडंच लागणार. उन्हात लोळला, हीटरजवळ बसला, पाणी कमी प्यायला, वय झालं, काहीही कारण असू शकतं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्यांची तर जीभच नीट पोचत नाही नाकापर्यंत. आणि उलटं पण होतं बरं का, अंगात १०४ ताप आणि नाक थंडगार ओलं.

ताप बघायचा तर थर्मामीटर, तोही गुदद्वारातून, थोडं व्हॅसलीन लावून. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, म्हणून तो हाताला कायम गरम लागतो आणि लोक घाबरून घरातली पॅरासिटामॉल देतात. हे मात्र प्लीज करू नका, कुत्र्याच्या लिव्हरची वाट लागू शकते आणि मांजराला तर एक गोळी पण जीवघेणी ठरते.

नाकाला भेगा, खपल्या, रक्त किंवा एकाच नाकपुडीतून घट्ट शेंबूड असेल तर दाखवा. खाणं सोडलं, मलूल पडून राहिला तर लगेच आणा, नाक कसं का असेना.