वादळात घराचं नुकसान झालं तर सरकारी मदत कशी मिळवायची

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. आमच्या कोळीवाड्यात मावशीच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने तुकडे गोणीत भरून टाकून दिले आणि वर ताडपत्री बांधली. तलाठी आले तेव्हा दाखवायला ती निळी ताडपत्रीच उरली होती. म्हणून आवराआवर करण्याआधी फोटो काढा. एक फोटो असा हवा, ज्यात घराचा नंबर आणि पडझड दोन्ही दिसेल.

पडलेलं झाड किंवा धोकादायक भिंत असेल, तर मुंबई महापालिकेच्या १९१६ या नंबरवर कळवा. मात्र तिथे तक्रार नोंदवली म्हणजे मदतीचा अर्ज झाला, असं समजू नका. मदत महसूल खात्याकडून मिळते आणि तिचा सगळा आधार पंचनामा. उपनगरात राहत असाल तर अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला यांपैकी तुमच्या तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या. मुंबई शहर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात आहे.

पंचनाम्यातला एकेक शब्द महत्त्वाचा असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. झोपडीला ८,००० रुपये. एवढ्यात आज पत्रेही धड येत नाहीत, हे खरंच आहे. राज्य सरकार कधी कधी वेगळा शासन निर्णय काढून रक्कम वाढवतं, त्यामुळे त्या वेळचा दर तहसीलमध्ये विचारून घ्या. पण ‘पक्कं’, ‘कच्चं’, ‘अंशतः’ यांपैकी काय लिहिलंय, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

कागदपत्रांत आधार कार्ड, रेशन कार्ड, वीजबिल आणि बँक पासबुकाचं पहिलं पान लागतं. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा खातं आधारशी जोडलेलं असू द्या. मुंबईत खरी अडचण येते ती घराच्या पुराव्याची. निकषांनुसार बांधकाम अधिकृत असावं लागतं. मालमत्ता कराची पावती, झोपडपट्टीत फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), असं जे काही असेल ते जोडा.

होडीचं नुकसान झालं असेल तर मत्स्यव्यवसाय विभागालाही कळवा. नोंदणीचे कागद आणि परवाना लागेल. त्याच निकषांत होडी पूर्ण गेली तर १५,००० आणि दुरुस्तीला ६,००० रुपये होते. जाळ्यांना अनुक्रमे ४,००० आणि ३,०००. मच्छीमार सोसायटीने सगळ्यांची यादी एकत्र दिली तर कुणाचं नाव सुटत नाही.

वादळात घरातल्या कुणाचा मृत्यू झाला असेल तर त्या निकषांनुसार वारसांना ४ लाख रुपये ठरवले होते. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा आणि वारसांचे कागद लागतात. अशा वेळी त्या घरच्यांना कार्यालयात एकटं पाठवू नका, शेजारच्या कुणीतरी सोबत जावं.

पंचनाम्यातून घर सुटलं असेल तर फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडून तहसीलदारांना पुन्हा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.