खाद्येतर बक्षीस (श्वानप्रशिक्षण)

खाऊला न बधणाऱ्या कुत्र्याला शिकवताना, हवे ते वर्तन घडताक्षणी खाण्याऐवजी दिलेली आवडीची गोष्ट : चेंडू, दोरीची ओढाताण, खाजवणे, हुंगायची मोकळीक. त्यामुळे ते वर्तन पुढे वाढले, तरच ती गोष्ट बक्षीस ठरते. मालकाला ती कितीही गोड वाटो.

‘आमचा खातच नाही’ ही तक्रार आधी पारखून घ्यावी. दिवसभर भरलेले भांडे, मे महिन्यातली दुपार किंवा भीती यांमुळेही कुत्रा तोंड फिरवतो. घरात चिकनवर तुटून पडणारा कुत्रा फाटकाबाहेर तेच नाकारतो, तेव्हा तो बहुधा धास्तावलेला असतो; तिथे चेंडूही चालत नाही. एरवी खाणाऱ्याने अचानक अन्न सोडल्यास आधी पशुवैद्य गाठावा.

निवडीचा पाया डेव्हिड प्रेमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वात सापडतो : प्राणी जे आपणहून अधिक वेळा करतो, ते करायची संधी कमी वेळा होणाऱ्या वर्तनाला बळ देते. म्हणजे मोकळा सोडल्यावर कुत्रा काय करतो, ते पाहावे. यादी तोच देतो. बॉर्डर कोली या मेंढपाळी जातीचा कुत्रा मेंढ्या वळायला शिकतो तो बिस्किटावर नव्हे. नीट थांबला तर मेंढ्यांकडे जायला मिळते, उधळला तर मेंढपाळ आडवा येतो. एवढ्यावर सारे शिक्षण चालते. वास काढणाऱ्या कामाच्या कुत्र्यांतही चेंडूवेडे मुद्दाम निवडतात. शहरात याचे साधे रूप म्हणजे पट्टा न ताणता चार पावले चालल्यावर ‘जा’ म्हणून खांब हुंगू देणे. हे फुकटचे बक्षीस बहुतेक मालक वाया घालवतात.

नुसत्या शाबासकीवर फार विसंबू नये. एरिका फॉयरबाकर व क्लाइव्ह विन या श्वानवर्तन-संशोधकांच्या २०१५ च्या प्रयोगांत कुत्र्यांनी कौतुकाच्या बोलांपेक्षा कुरवाळणे स्पष्टपणे पसंत केले. मात्र डोक्यावर थापटणे अनेकांना नकोसे असते. हात थांबवून पाहावे : कुत्रा पुन्हा जवळ सरकला तर हवे आहे, मान वळवली किंवा अंग झटकले तर नको.

खेळण्याने कुत्रा चेकाळतो. त्यामुळे धावत येणे शिकवताना ते उत्तम, ‘बस’वर टिकून राहणे शिकवताना अडचणीचे. ‘सोड’ आधी पक्के करावे. फेकलेली काठी तोंडात घुसून इजा होऊ शकते. लेसरचा ठिपका तर कधीच हाती लागत नाही. काही कुत्रे नंतर सावल्यांमागेही धावू लागतात.