दक्षिण अमेरिकेतली नवी मेफ्लाय: वर्णनामागचा दीडशे वर्षांचा गुंता

अँडीजच्या उतारावरच्या ओढ्यातून किंवा अ‍ॅमेझॉनच्या एखाद्या उपनदीतून मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची नवी जाती जाहीर होते, तेव्हा जाणकार वाचक शोधनिबंधात आधी एक गोष्ट शोधतो: पिल्लू पाळून, त्यातून निघालेल्या प्रौढाशी त्याची जोडी जुळवली आहे का? असेल तर ते वर्णन भक्कम. नसेल तर त्या कीटकाला आधीच दुसरे नाव मिळालेले असण्याची शक्यता उरते.

मेफ्लायचे पिल्लू पाण्यात वाढते. दगडाखाली, गाळात किंवा बुडालेल्या लाकडात राहून ते बहुधा शेवाळ आणि कुजलेला पाचोळा खाते आणि पोटाच्या बाजूच्या कल्ल्यांनी श्वास घेते. प्रौढाचे तोंड निकामी असते. तो काहीच खात नाही आणि काही तास ते काही दिवस जगतो. पिल्लू ओळखायचे ते जबडे, पायांच्या नख्या आणि कल्ल्यांवरून. प्रौढ ओळखायचा तो पंखांच्या शिरा आणि नराच्या जननेंद्रियांवरून. म्हणजे एकाच कीटकाची दोन वर्णने शेजारी ठेवली, तरी ती एकाचीच आहेत हे कळायला मार्ग नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पोहोचले ते बहुतेक टाचणीला टोचलेले वाळके प्रौढ. कीटकशास्त्रज्ञ हागेनने १८६१ मध्ये जिला पालिंजेनिया कर्टा हे नाव दिले, ती जाती आज अस्थेनोपस कर्टस म्हणून ओळखली जाते. तिची पिल्ले अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात बुडालेले लाकूड पोखरून राहतात, हे संग्रहालयातल्या वाळक्या प्रौढावरून कोणाला कळणार? इंग्लंडमधल्या ए. ई. ईटन या पाद्र्याने १८८३ ते १८८८ या काळात जगभरच्या मेफ्लायचा मोठा ग्रंथ काढला. त्यात पिल्लांची सुरेख चित्रे आहेत, पण त्यातल्या काहींखाली ‘अमुक प्रजातीच्या जवळचे’ एवढेच लिहिले आहे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). माहीत नव्हते तिथे त्याने ओढूनताणून नाव लावले नाही, हे त्याचे मोठेपण.

खरा गुंता झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत. लोंगिनोस नावास या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूने दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी जातींना नावे दिली. वर्णने चार-सहा ओळींची, सोबत एखादे छोटे रेखाचित्र. पुढे त्याचे बरेच मूळ नमुने सापडेनासे झाले. नाव मात्र नियमाप्रमाणे टिकते. ज्याचे नाव आधीचे, त्याचा मान पहिला. त्यामुळे आज नवी जाती मांडणाऱ्याला नावासच्या त्या त्रोटक ओळींशी ताडून पाहणे चुकत नाही. मूळ नमुना हरवलेला असेल, तर पहिल्या ठिकाणी पुन्हा जाऊन कीटक गोळा करावे लागतात आणि त्यातला एक मूळ नमुन्याच्या जागी ‘निओटाइप’ म्हणून ठरवावा लागतो.

पिल्लांकडे गांभीर्याने पाहिले गेले ते नीडम आणि मर्फी यांच्या १९२४ च्या कामापासून. तरी नावांची टक्कर थांबली नाही. दमूलाँने १९६६ मध्ये कॅमेलोबेटिडियस ही प्रजाती मांडली; दोनच वर्षांनी ट्रॅव्हर आणि एडमंड्स यांनी डॅक्टिलोबेटिस मांडली. पिल्लाची नखी टोकाला फावड्यासारखी पसरट आणि तिच्या कडेला दातांची रांग, ही या गटाची ठळक खूण. दोन्ही नावे एकाच प्रजातीची आहेत हे ठरल्यावर आधीचे राहिले. पीटर्स आणि एडमंड्स यांनी १९७२ मध्ये खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या लेप्टोफ्लेबिडी कुळाची नव्याने मांडणी केली. याच दोघांच्या नावांवरून शिवरामकृष्णन यांनी आपल्या पश्चिम घाटातल्या पीटर्सुला आणि एडमंड्सुला या प्रजातींना नावे दिली आहेत. पुढे अर्जेंटिनातल्या तुकुमानमध्ये दोमिंगेस, मोलिनेरी आणि निएतो यांचा गट उभा राहिला, ब्राझीलमध्येही अभ्यासक वाढले. २००६ मध्ये संपूर्ण खंडाचा एकत्रित ग्रंथ आला आणि काम नदीकाठच्या देशांतल्या लोकांच्या हातात आले.

जोडी जुळवण्याची रीत साधी दिसते, पण फसते पटकन. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या झालेले पिल्लू निवडायचे. ते एक-दोन दिवसांत बाहेर येणार असते. जाळी लावलेल्या पेल्यात त्याच ओढ्याचे थोडे पाणी, चढायला काडी, आणि पेला ओढ्यातच सावलीत बांधलेला. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि वाहत्या पाण्यातली पिल्ले आधी मरतात. बाहेर येतो तो पूर्ण प्रौढ नव्हे. पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकणारे आज हयात असलेले कीटक फक्त हेच. ही दुसरी कात काही कुळांत मिनिटांत पडते, काहींत दिवसभर लागतो. कँप्सुरस या प्रजातीच्या माद्या तर ती टाकतच नाहीत. घाई करून कीटक दारूत, म्हणजे अल्कोहोलमध्ये, घातला तर रंग पुरता आलेला नसतो आणि जननेंद्रिये मऊ, चुरगळलेली मिळतात. कात पडल्यावरही काही तास थांबायचे. पाण्यात राहिलेली पिल्लाची कात त्याच कुपीत जायला हवी, कारण जोडीचा पुरावा तीच. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. साध्या पेनाची शाई दारूत विरघळते.

प्रयोगशाळेत नराच्या पोटाचे टोक कापून सौम्य कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करतात आणि स्लाइडवर बसवतात. पिल्लाचा वरचा ओठ, दोन्ही जबडे, जीभ आणि खालचा ओठ सुटे करून प्रत्येकाचे चित्र काढतात. कल्ले नाजूक असतात; कुपी हलली तरी गळतात, म्हणून ती काठोकाठ भरतात. शरीरावरचे जांभळट-तपकिरी ठिपके दारूत फिके पडतात, त्यामुळे जिवंतपणीचा फोटो हवाच. जनुकीय ताडणीसाठी एक पाय ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. पिल्लू पाळता आले नाही तरी आता डीएनएच्या ६५८ अक्षरांच्या जनुकपट्टीवरून जोडी लावता येते. नावासच्या हरवलेल्या नमुन्यांना मात्र याचा उपयोग नाही.

१९९९ नंतरच्या नियमांनुसार नाव ज्याला कायमचे बांधले जाते तो नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे छापावे लागते. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या वर्णनांची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद लागते. २ सप्टेंबर २०१८ ला रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि तिथला बहुतेक कीटकसंग्रह जळाला. मुख्य नमुना एका ठिकाणी राहिला तरी वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने, म्हणजे पॅराटाइप, दोन-तीन शहरांत वाटून ठेवावेत, हा आग्रह त्यामुळेच धरायला हवा.