वेक-ऑन-लॅन आणि गावातली लाईन : पार्श्वभूमी

जिनिंगच्या काट्यावरचा किंवा शाळेच्या लॅबमधला बंद संगणक नागपूर-अमरावतीत बसून सुरू करता येईल का, ही विचारणा दर हंगामात होते. नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद संगणक जागा करण्याच्या या तंत्राला वेक-ऑन-लॅन म्हणतात, आणि ते जुने आहे. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या संगणकाच्या रचनेत संगणक बंद केला तरी एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला, म्हणजे मुख्य पाटीला, ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देत राहतो. ‘मॅजिक पॅकेट’ची, म्हणजे जागे करणाऱ्या संदेशाची, कल्पनाही त्याच वर्षीची: सुरुवातीला ठरावीक ६ बाइट, पुढे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ६ बाइटचा क्रमांक) सलग १६ वेळा, एकूण १०२ बाइट. आधी कार्डापासून मदरबोर्डपर्यंत तीन तारांची वेगळी केबल लागायची, कार्डाच्या खाचेचे पीसीआय २.२ हे मानक आल्यावर ती गेली.

यात एक गृहीत होते, ते म्हणजे भिंतीतली वीज कधी जातच नाही. २००५ नंतरच्या भारनियमनात विदर्भातल्या गावांनी ते रोज खोटे पाडले. लाईन गेली की ते ५ व्होल्टही जातात, आणि परत आली तरी बऱ्याच संगणकांचे कार्ड लगेच ऐकायला लागत नाही. कोणीतरी एकदा बटण दाबून मशीन सुरू करावे लागते. त्यात मृगाच्या तोंडावर आभाळ गडगडले की लोक प्लगच उपसून ठेवतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

म्हणून तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यांनी बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) दुसरा पर्याय धरला: लाईन येताच संगणक आपोआप सुरू. शेतातल्या मोटारीला ऑटो स्विच लावतात, तसेच हे. त्याचा तोटाही तसाच. लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो. इकडे लाईन दहा मिनिटांत तीनदा ये-जा करते आणि हार्ड डिस्क मार खाते.

खरा वाद मात्र २०१२ चा. त्या वर्षी विंडोज ८ आले आणि ‘शट डाउन’चा व्यवहारच बदलला. पूर्ण बंद होण्याऐवजी संगणक प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठतो. याच अवस्थेत लॅन कार्डाला जागे ठेवायचे नाही, असे मायक्रोसॉफ्टने ठरवले. बंद केलेले यंत्र वीज खाणार नाही अशी लोकांची अपेक्षा असते, हे त्यांचे कारण. लॅपटॉपच्या बॅटरीपुरते ते पटते. टेबलावरच्या डेस्कटॉपसाठी मात्र हा निर्णय नाहक होता. आधीच्या विंडोज ७ मध्येही पूर्ण बंद अवस्थेतून जागे करण्याची अधिकृत हमी नव्हती, पण पुष्कळ कार्डांवर ते चालून जायचे. नव्या प्रणालीनंतर चालणारी यंत्रे अचानक मुकी झाली आणि दोष केबलवर, स्विचवर, नाहीतर लाईनवर गेला. उपाय साधा होता, लवकर उठण्याची ही सोय, म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’, बंद करायची. पण जुन्या डिस्कवर तेच एक सुख होते. लाईन तासाभराचीच असेल तर सुरू होण्यात गेलेली पाच मिनिटे कोणाला परवडतात? त्यामुळे गावातल्या गावातच दोन मते पडली. बायोसमधल्या ‘ईआरपी’ नावाच्या पर्यायाने गोंधळ वाढवला. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांसाठी आलेला हा पर्याय चालू राहिला की बंद संगणकाचा तो बारीक पुरवठाच तुटतो.

राहिला संदेशाच्या रस्त्याचा प्रश्न. मॅजिक पॅकेट सहसा नेटवर्कवरच्या सगळ्याच यंत्रांना एकदम पाठवले जाते. बाहेरून आलेला सर्वांसाठीचा संदेश राउटरने आत सोडू नये, असा दंडक १९९९ पासून आहे, कारण त्याच वाटेने हल्ले होत. शिवाय मोबाइल डेटावर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. नागपूरहून हाक मारायची तर नेमकी कोणाच्या दाराशी? म्हणून हल्ली जिथे हे जमले आहे तिथे हाक आतूनच दिली जाते. इन्व्हर्टरवर चालणारा राउटर किंवा चार्जरला लावून ठेवलेला जुना अँड्रॉइड फोन बाहेरचा निरोप घेतो आणि पॅकेट सोडतो. संगणकाची एसएमपीएसही त्याच इन्व्हर्टरवर असेल, तरच तो उठतो.